चार विसा आणि एकोणीस : शाळेतल्या फ्रेंचविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आठवीच्या भाषानिवडीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे फ्रेंचविषयीच होती, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. एकतीस वर्षे शाळेत हा विषय शिकवल्यामुळे माझी काही मते आता बदलण्यासारखी राहिलेली नाहीत. वाचकांनी ती माझी मते म्हणूनच वाचावीत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल. शाळा इंग्रजी माध्यमाची, राज्य मंडळाची आहे. संस्कृत आणि फ्रेंच यांतून एक निवडायचे आहे. सगळे म्हणतात, फ्रेंच ‘स्कोरिंग’ आहे, डोळे मिटून घ्या. आपला सल्ला काय? (एक पालक, पुणे)

उत्तर : डोळे मिटून घेऊ नका. गुण दोन्ही विषयांत मिळतात. संस्कृतात तर मराठी घरातल्या मुलीला लिपी ओळखीची असते आणि निम्मे शब्दही ओळखीचे निघतात, त्यामुळे केवळ गुणांचाच विचार असेल तर फ्रेंचचे पारडे जड ठरण्याचे काही कारण मला दिसत नाही. ‘स्कोरिंग’ या शब्दाने या विषयाचे जितके नुकसान केले आहे तितके अवघड व्याकरणानेही केलेले नाही, आणि त्यात माझाही वाटा आहे, हे येथे कबूल करते. एका वर्षी ‘माझा जिवलग मित्र’ या विषयावरच्या चौतीस उत्तरपत्रिका माझ्यापुढे होत्या. चौतीस जणांच्या मित्राचे नाव पिएर होते, प्रत्येक पिएर लियों शहरात राहत होता आणि प्रत्येकाला चॉकलेट आवडत होते. निबंध मीच पाठ करून घेतला होता, त्यामुळे गुण कापायला जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात मी त्याच मुलांना शेजारच्या घरातल्या माणसाविषयी चार वाक्ये बोलायला सांगितली, तेव्हा वर्गात शांतता पसरली, कारण शेजारी पिएर नव्हता आणि तो कोथरूडला राहत होता.

निर्णय घेण्यापूर्वी शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात. शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि दहावीपर्यंत तेच शिकवतील का, ही पहिली. वर्गात मुलांना फ्रेंच ऐकवले जाते का, की केवळ पुस्तकातून वाचून दाखवले जाते, ही दुसरी. हा विषय नेमका कोणत्या भाषेच्या जागी येतो, ही तिसरी. २०२०च्या कायद्याने राज्यातील शाळांत मराठी अनिवार्य आहे, त्यामुळे फ्रेंच मराठीच्या जागी येत नाही, ती हिंदीच्या किंवा संस्कृतच्या जागी येते, आणि कोणती भाषा सुटते याचा विचार घरात नीट व्हायला हवा. बदलीची नोकरी असणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नववीत तालुक्याच्या गावी जावे लागले आणि तिथल्या शाळेत फ्रेंच नसली, तर मूल मधल्यामध्ये अडकते. अशी दोन मुले मी पाहिली आहेत. दोघांनाही एका वर्षात हिंदीचा तीन वर्षांचा अभ्यास करावा लागला.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि मुलीला नवे आवाज काढून पाहण्याची हौस असेल, तर अवश्य फ्रेंच घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. फ्रेंचमध्ये टेबलसुद्धा स्त्रीलिंगी असते, हे मला पटतच नाही. भूतकाळ तर मुळीच समजत नाही. काही क्रियापदांना एक साहाय्यक क्रियापद, काहींना दुसरे, आणि कधी शेवटी जादा अक्षर लावायचे, कधी नाही. बाई म्हणतात, पाठ करा. पाठ न करता समजण्याचा काही मार्ग आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : आहे, आणि तो तुझ्या घरातच आहे. तुझी पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके फ्रेंच इंग्रजीतून समजावतात. नामांचे लिंग आणि क्रियापदाची जुळणी या दोन बाबतींत इंग्रजी जवळजवळ कोरी आहे, म्हणून तिथून पाहणाऱ्याला हे सारे विचित्र वाटते. मराठीतून पाहिले की त्यातली निम्मी विचित्रता गळून पडते.

आधी लिंगाचे पाहू. टेबल स्त्रीलिंगी का, असे तू विचारतेस. मग भिंत स्त्रीलिंगी का, दरवाजा पुल्लिंगी का आणि घर नपुंसकलिंगी का, याचे उत्तर तू आजवर कोणाला विचारलेस? विचारले नाहीस, कारण ‘ती भिंत’, ‘तो दरवाजा’, ‘ते घर’ असेच शब्द तुझ्या कानावर पडत आले. फ्रेंचमध्ये तीनऐवजी दोनच लिंगे आहेत, म्हणजे ओझे हलकेच झाले. शब्द एकटा शिकू नकोस. त्याच्या आधीचे ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) धरूनच शिक, जसे आपण ‘ती नदी’, ‘ते झाड’ म्हणत शिकलो. मात्र मराठीचे लिंग उचलून तिथे लावायचे नाही. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची ‘ला ल्यून’ स्त्रीलिंगी. फ्रान्समध्ये चांदोमामाची मावशी होते, एवढे लक्षात ठेवलेस तरी पुरे.

आता भूतकाळ. जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशी चौदा-पंधरा क्रियापदे ‘एत्र’ म्हणजे ‘असणे’ हे साहाय्यक घेतात, आणि त्यांचे रूप कर्त्याप्रमाणे बदलते. तो गेला तर ‘आले’ (‘जाणे’चे फ्रेंच भूतकाळी रूप) साधे लिहायचे, ती गेली तर त्याच्या शेवटी रोमन ‘ई’ हे अक्षर वाढवायचे. आता हीच क्रियापदे मराठीत म्हणून पाहा : ती गेली, ती आली, ती निघाली, ती पडली, ती राहिली. सगळीकडे क्रियापद कर्त्याच्या मागे चालते. हा तुझा कर्तरी प्रयोग, आणि तो तू सातवीतच शिकली आहेस.

उरलेली बहुतेक क्रियापदे ‘आव्वार’ म्हणजे ‘जवळ असणे’ हे साहाय्यक घेतात, आणि इथे खरी गंमत आहे. ‘तिने निबंध लिहिला’, ‘तिने चिठ्ठी लिहिली’, ‘तिने पत्र लिहिले’ या तिन्ही वाक्यांत कर्ता तीच आहे, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदलले. जगातल्या पुष्कळ मुलांना ही कल्पना ऐकूनच घाम फुटतो, आणि तू मात्र दिवसातून शंभर वेळा ती वापरतेस. फ्रेंच हेच करते, पण एका अटीवर : कर्म क्रियापदाच्या आधी आले पाहिजे. ‘एल आ एक्री ला लेत्र’, म्हणजे ‘तिने चिठ्ठी लिहिली’. चिठ्ठी मागून आली, म्हणून ‘एक्री’ जसेच्या तसे राहिले. आता चिठ्ठी पुढे आण : ‘ला लेत्र केल आ एक्रीत’, म्हणजे ‘तिने लिहिलेली चिठ्ठी’. ‘एक्री’चे ‘एक्रीत’ झाले, आणि तो ‘त’ कानालाही ऐकू येतो. चिठ्ठीच्या जागी ‘मो’ म्हणजे ‘शब्द’ हे पुल्लिंगी नाम ठेव, की ‘त’ पुन्हा गेला. ज्या नियमापाशी फ्रेंच मुलेही शुद्धलेखनात अडखळतात, त्याचे बीज तुझ्या मातृभाषेत आहे.

ही गुरुकिल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही, हेही सांगून ठेवते. ‘ती झोपली’, ‘ती धावली’, ‘ती चालली’ हे मराठीत कर्तरी आहे, पण फ्रेंचमध्ये झोपणे, धावणे आणि चालणे ‘आव्वार’कडे जातात. उलट बाजूने, मराठीत कर्म असूनही ‘तिने फ्रेंच शिकली’ असे कोणी लिहीत नाही, ‘ती फ्रेंच शिकली’ असेच लिहितात. तेव्हा चौदा-पंधरा क्रियापदांची ती यादी एकदा पाठ करावीच लागेल. बाईंचे तेवढे ऐक.

प्रश्न : नातू फ्रेंच आकडे म्हणतो तेव्हा सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ऐंशी म्हणजे चार-वीस असे काहीसे सांगतो. तो माझी थट्टा करतो की काय? शिवाय एक चिंता आहे. इंग्रजीने मराठीचे जे केले ते पाहिले, आता ही आणखी एक परदेशी भाषा शिकून त्याची मराठी मागे पडणार नाही का? (एक आजोबा, सांगली)

उत्तर : नातू थट्टा करत नाही. सत्तर म्हणजे ‘स्वासाँत-दिस’, साठ आणि दहा. ऐंशी म्हणजे ‘कात्र-व्हँ’, चार विसा. नव्व्याण्णव म्हणजे ‘कात्र-व्हँ-दिझ-नफ’, चार विसा आणि एकोणीस. आपल्या लहानपणी बाजारात आंबे, गोवऱ्या किंवा भाकऱ्या विसांच्या हिशेबाने मोजणारी माणसे आपण नक्की पाहिली असतील. ‘चार विसा झाल्या’ असे म्हणणारी एखादी आजी पॅरिसच्या भाजीबाजारात सहज खपून गेली असती. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच भाषक मात्र सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ असे सरळ शब्द वापरतात. पण नातवाच्या परीक्षेत विसांचाच हिशेब चालेल, आणि तो त्याला आपल्याइतका चांगला दुसरे कोणी शिकवू शकणार नाही.

दुसऱ्या चिंतेसाठी मॉरिशसचे उदाहरण देते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांचे वंशज आज शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही शिकतात, आणि अनेक मुले मराठीही विषय म्हणून घेतात. घरात मात्र बहुतेक जण फ्रेंचपासून घडलेली क्रिओल बोलतात. मराठी मागे पडली ती शाळेच्या वेळापत्रकात फ्रेंचचा तास होता म्हणून नव्हे. ती मागे पडली चुलीपाशी, जेवताना, भांडताना. तेव्हा नातवाच्या शाळेतल्या आठवड्याच्या चार-पाच तासांची भीती बाळगू नका. संध्याकाळी तो आपल्याशी कोणत्या भाषेत हट्ट करतो, तेवढे पाहा.

प्रश्न : मुलगा फ्रेंच शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतो. शिकवणीचे सर रागावतात. चूक कोणाची? (एक आई, ठाणे)

उत्तर : पहिल्या दोन महिन्यांत मुलाची नाही, त्यानंतर मुलाची. देवनागरी रोमन लिपीपेक्षा उच्चारांना जास्त प्रामाणिक आहे, म्हणून सुरुवातीला ती आधार देते. वर मीही तीच वापरली आहे, आणि जाणकारांनी त्याबद्दल नाक मुरडले असेल. पण काही स्वर तिच्यात मावत नाहीत. ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांत फक्त शेवटच्या स्वराचा फरक आहे, आणि देवनागरीत दोन्ही ‘दसू’ होऊन बसतात. मग मांजर टेबलावर आहे की टेबलाखाली, हे परीक्षकाला कसे कळावे? तो स्वर काढायची युक्ती सोपी आहे : ओठ ‘ऊ’चे ठेवायचे आणि जिभेने ‘ई’ म्हणायचे. आरशासमोर दहा वेळा करून घ्या, घरात हशा पिकेल, पण स्वर येईल. अनुनासिकांचेही तसेच. एकाच अनुस्वाराने सगळे भागवले, तर ‘आज वारा आहे’ म्हणता म्हणता ‘आज वाइन आहे’ असे होते, आणि व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये अगदी निर्दोष असतात.

स्पेलिंगमधल्या मुक्या अक्षरांविषयी आपण पत्राच्या शेवटी तक्रार केली आहे. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ हे दोन्ही ‘इल पार्ल’ असेच ऐकू येते, फरक केवळ कागदावर असतो, हे खरे. पण आपल्या आजोबांच्या हातचे एखादे पत्र काढून पाहा. ‘नांव’, ‘घरांत’, ‘कांहीं’ यांतले अनुस्वार कोण उच्चारत होते? ते जुन्या उच्चारांच्या खुणा होते, आणि १९६२च्या लेखननियमांनी ते गेले. फ्रेंचमधली स्वरावरची छोटी टोपी पुष्कळदा अशीच खूण असते. इस्पितळासाठीचा ‘ओपिताल’ हा शब्द ‘ओ’वर टोपी घालतो, कारण तिथे पूर्वी ‘एस’ होता, तो इंग्रजीच्या ‘हॉस्पिटल’मध्ये अजून आहे. ‘फोरे’ म्हणजे जंगल, आणि तिथली टोपी काढली की खालून ‘फॉरेस्ट’ दिसते. १९९०च्या सुधारणेत काही टोप्या ऐच्छिक झाल्या, पण ‘ओ’वरची तशीच राहिली. मुलाला हरवलेला ‘एस’ शोधायला लावा, टोपी कुठे द्यायची हे पुष्कळदा त्याचे त्यालाच कळेल.

प्रश्न : शाळेची परीक्षा पुरे की ‘डेल्फ’ही द्यावी? पुढे कॅनडाला जाताना तिचे गुण मिळतात, असे ऐकले. (एक पालक, नवी मुंबई)

उत्तर : डेल्फ हे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचे प्रमाणपत्र आहे आणि ते आयुष्यभर वैध असते. ए-१ ही पहिली पातळी. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५ हवेत. शाळकरी मुलांसाठी त्यांच्या वयाला शोभतील अशा विषयांची वेगळी आवृत्ती आहे. शाळेच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत पाठांतरावर निभावून नेता येते, इथे ते जमत नाही. ए-१च्या तोंडी परीक्षेत मुलाने दुकानात जाऊन काहीतरी विकत घेण्याचा प्रसंग उभा करायचा असतो, परीक्षक दुकानदार होतो आणि पैसे म्हणून कागदी नोटा-नाणी मुलाच्या हातात देतात. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा या परीक्षेत दोन युरोंसाठी असा घासाघीस करून आला, की बाहेर येताच त्याने मला विचारले, ‘बाई, खरी भाजी कधी आणायची?’ नववी-दहावीत ही परीक्षा द्यावी, असे मी म्हणेन.

कॅनडाच्या कारणासाठी मात्र नको. तिथल्या स्थलांतराच्या गुणांसाठी ‘टीईएफ कॅनडा’ किंवा ‘टीसीएफ कॅनडा’ या परीक्षा धरतात, डेल्फ धरत नाहीत, आणि त्यांचा निकाल दोनच वर्षे चालतो. पंधराव्या वर्षी त्यांची घाई करण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : दहावीपर्यंत संस्कृत घेतले. अकरावीत फ्रेंच घेता येईल का? (एक विद्यार्थी, मुंबई)

उत्तर : अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत ती अगदी मुळाक्षरांपासून शिकवतात, तेव्हा घेता येईल. प्रवेशापूर्वी त्या महाविद्यालयात चौकशी करा. संस्कृतची विभक्ती-रूपे पाठ केलेल्या मुलाला फ्रेंच क्रियापदांचे तक्ते जड जात नाहीत. जड जाते ते तोंड उघडणे.

प्रश्न : आमच्या शाळेत पोर्तुगीज आणि फ्रेंच दोन्ही आहेत. काय घ्यावे? (एक पालक, मडगाव)

उत्तर : गोव्यात राहायचे असेल आणि घरात जमिनीचे जुने कागद असतील, तर पोर्तुगीजला माझे मत. त्या कागदांसाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागणार नाही. पर्यटन किंवा पुढच्या शिक्षणाचा विचार असेल, तर फ्रेंच. कोंकणी बोलणाऱ्या मुलांच्या नाकातले स्वर दोन्ही भाषांना आयते उपयोगी पडतात. पुण्याच्या मुलांकडून ते काढून घेताना माझी अर्धी सहामाही जात असे.

प्रश्न : आम्ही कॅनडात, ऑन्टारियोत राहतो. मुलाचा नववीचा सक्तीचा फ्रेंच विषय संपला, आता तो सोडू म्हणतो. मी शाळेत पुण्याला फ्रेंच शिकले होते, पण मी बोलते ते ‘जुनाट’ आहे, असे तो सांगतो. (एक आई, ब्राम्पटन)

उत्तर : तिथल्या इंग्रजी शाळांत चौथीपासून फ्रेंच असते आणि माध्यमिक पदविकेसाठी तिचे एक श्रेयांक पुरते, त्यामुळे नववीनंतर सोडणारी मुले पुष्कळ असतात. आणखी दोन वर्षे तरी त्याला चालू ठेवू द्या, कारण ज्या देशात ही भाषा सरकारी कचेरीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत छापलेली असते, तिथे वाचनाचा सराव फुकट मिळतो. जुनाटपणाचे म्हणाल, तर आपली फ्रेंच जुनाट नाही, ती फ्रान्सची आहे. शेजारच्या फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांताचा ‘तू’ आपल्या कानाला ‘त्सू’ ऐकू येतो, आणि जेवणाच्या वेळांची नावेही एकेक पायरी सरकलेली असतात : आपण शिकलात तो दुपारच्या जेवणाचा ‘देज्युने’ तिथे सकाळची न्याहारी होतो, रात्रीचा ‘दिने’ दुपारी येतो आणि रात्री ‘सुपे’ असते. तेव्हा माँत्रेआलच्या एखाद्या वडीलधाऱ्या कुटुंबाने ‘दिने’ला बोलावले, तर बारा वाजता पोहोचा. रात्री आठला गेलात, तर भांडीसुद्धा धुऊन झालेली असतील.